कोऱ्या जागेचा हिशेब



या मालेत आपण इतिहास, अर्थकारण, साहित्य अशा वजनदार विषयांवरील व्याख्याने ऐकता. आजचा माझा विषय त्या मानाने इतका हलका आहे की, तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दोन शब्दांच्या मध्ये आपण जी जागा कोरी सोडतो तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. आणि विशेषतः ती जागा जेव्हा नको तेथे किंवा नको तितकी सुटते, तेव्हा संगणकात काय घडते आणि ते निस्तरावे कसे, याविषयी बोलावयाचे आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी सबंध व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आज परीक्षेचा अर्ज, विजेच्या बिलाचा भरणा, रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार ही सारी कामे आपण संकेतस्थळांवरून करतो. अर्जात नाव बरोबर, क्रमांक बरोबर, तरीही पडद्यावर उत्तर यावे की ‘अशी नोंद आढळली नाही’, हा अनुभव पुष्कळांना असतो. मनुष्य बिचारा प्रत्येक अक्षर पुन्हा तपासतो. चूक सापडत नाही, कारण चूक अक्षरांत नसतेच. कित्येकदा ती शेवटच्या अक्षरानंतर सुटलेल्या एका कोऱ्या जागेत असते. ही चूक कोणाची आणि ती सुधारण्याची जबाबदारी कोणाची, हा आजचा खरा प्रश्न आहे.

डोळ्याला शून्य, यंत्राला अक्षर

शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल आपण समजतो तितकी सार्वत्रिक नाही. आपली मोडीच पाहा. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरे टांगत जावयाचे, अशी ती रीत. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाराने अर्थावरून ओळखावयाचे. मोडी वाचणाराची दृष्टी त्यासाठी तयार झालेली असे. पुढे छपाई रूढ झाली, शब्द सुटे झाले, आणि कोरी जागा आपल्या इतकी अंगवळणी पडली की ती आहे हेही आपण विसरलो.

खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला मात्र ते विसरता येत नसे. दोन शब्दांच्या मध्ये तो धातूचा एक तुकडा घालीत असे. त्याची उंची खिळ्यापेक्षा कमी, म्हणून त्याला शाई लागत नसे आणि कागदावर त्याचा ठसा उमटत नसे. वाचकाला जेथे काहीच नाही असे वाटे, तेथे कंपोझिटरच्या हातात मोजूनमापून घेतलेला, वजन असलेला तुकडा होता. संगणक या बाबतीत वाचकाच्या जातीचा नाही. तो कंपोझिटरच्या जातीचा आहे.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देऊन ठेवावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाची अशी एक प्रमाण पद्धती ठरली. तीत इंग्रजी मोठ्या ‘ए’ला ६५ हा क्रमांक मिळाला, आणि कोऱ्या जागेला ३२. म्हणजे कोरी जागा हीसुद्धा त्या पंगतीत पाट मांडून बसलेली एक पाहुणी आहे. पुढे जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणारी ‘युनिकोड’ पद्धती आली. तीतही हा ३२ क्रमांक तसाच राहिला.

आता ‘पुणे’ हा शब्द घ्या. संगणकाच्या दृष्टीने त्यात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत. त्याच्यापुढे अंगठा लागून एक जागा सुटली, की चिन्हे झाली पाच. चार चिन्हांची माळ आणि पाच चिन्हांची माळ या यंत्राला दोन वेगळ्या वस्तू. प्रोग्रॅमर मंडळी अशा माळेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. नोंदवहीत पहिली माळ असेल आणि आपण दुसरी शोधावयास सांगितली, तर यंत्र प्रामाणिकपणे सांगते की, असे गाव येथे नाही. यंत्र खोटे बोलत नाही. ते अक्षरशः खरे बोलते, आणि तीच अडचण आहे.

एका जागेने किती अनर्थ होतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. लिनक्सवर चालणाऱ्या ‘बंबलबी’ नावाच्या एका आज्ञावलीच्या स्थापनेच्या सूचनांत २०११ साली एका पत्त्याच्या मध्येच एक जागा चुकून सुटली. पुसावयाचा होता ‘यूएसआर’ या मोठ्या कप्प्याच्या आतला एक लहानसा कोपरा. परंतु मध्ये जागा पडल्यामुळे एका पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि त्यांतला पहिला पत्ता सबंध मोठ्या कप्प्याचा होता. यंत्राने तो कप्पाच पुसावयास घेतला. ज्या संगणकांवर ती सूचना चालली त्यांच्यावरील कित्येक आवश्यक आज्ञावल्या त्यात गेल्या.

जादा जागा येते कोठून?

या जागा कोणी खोडसाळपणे घालतो असे नाही. कळफलकावरील सर्वांत लांब पट्टी जागेची असते आणि शब्द संपला की अंगठा आपसूक तिच्यावर पडतो. मोबाइल फोनवर तर हे काम फोनच करतो. आपण दोन अक्षरे टाइप करावी, त्याने पूर्ण शब्द सुचवावा, आपण तो निवडावा, की शब्दापाठोपाठ एक जागा तो आपल्या पदरची घालून देतो. पुढचा शब्द येणार हे गृहीत धरून केलेली ही सोय आहे. परंतु नावाच्या चौकटीत पुढचा शब्द नसतो, जागा तेवढी मागे राहते.

दुसरा मार्ग म्हणजे नक्कल करून चिकटवणे. पत्रातून क्रमांक उचलावा तर त्याच्याबरोबर दोन्ही बाजूंची कोरी जागा येते. तक्त्यातून मजकूर उचलावा तर रकाने पाडणारे ‘टॅब’ नावाचे चिन्ह येते. त्याचा क्रमांक ९. ओळ बदलण्याच्या चिन्हांची कथा तर जुन्या दूरमुद्रकांपर्यंत जाते. त्या यंत्रात नवी ओळ सुरू करावयाची तर दोन कामे करावी लागत. कागद एक ओळ वर सरकवणे हे एक, आणि छापणारी गाडी डाव्या टोकाला आणणे हे दुसरे. पहिल्यासाठी १० आणि दुसऱ्यासाठी १३ अशी दोन चिन्हे होती. गाडी गेली, कागद गेला, पण चिन्हे राहिली. विंडोजमध्ये आजही ओळ संपताना ही दोन्ही चिन्हे पडतात, लिनक्समध्ये फक्त १० क्रमांकाचे. दोहोंकडे फिरून आलेल्या मजकुरात त्यामुळे असली न दिसणारी चिन्हे मागे राहून जातात.

हे सारे आपल्या लक्षात का येत नाही, याचेही कारण सांगितले पाहिजे. वेबवरील पाने ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलचा संकेतच असा आहे की, लागोपाठ आलेल्या कितीही जागा, टॅब आणि नव्या ओळी वाचकाला एकाच जागेसारख्या दाखवावयाच्या. पान लिहिणाराने आपल्या सोयीने ओळी तोडाव्या, वाचकाच्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर पुन्हा वाहावा, असा त्यातला चांगला हेतू. परंतु परिणाम असा होतो की, साठवणीत दोन शब्दांमध्ये दहा जागा असल्या तरी पडद्यावर एकच दिसते. घरात केर साठलेला असावा आणि आरसा मात्र स्वच्छ घर दाखवणारा असावा, तसे हे आहे.

साफ करण्याच्या तीन रीती

केर काढण्याच्या रीती तीन आहेत, आणि कोणती कोठे वापरावयाची हे कळणे म्हणजेच हे शास्त्र कळणे.

पहिली रीत कडा साफ करण्याची. माळेच्या डाव्या टोकापासून आत चालत यावे, कोऱ्या जागा सोडत जावे, पहिले खरे अक्षर भेटले की थांबावे. उजव्या टोकाकडूनही तसेच करावे. दोहोंच्या मध्ये उरले ते घ्यावे. या क्रियेला ‘ट्रिम’ म्हणतात. माळी कुंपणाच्या कडा छाटतो तसे. ब्राउझरात चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ सालची, परंतु तिच्या प्रमाणग्रंथात ही तयार आज्ञा २००९ साली आली. तोपर्यंत ज्याने त्याने आपापली कात्री घरी घडवावी, अशीच स्थिती होती.

दुसरी रीत मधल्या जागा आवरण्याची. ‘गोपाळ’ आणि ‘आगरकर’ यांच्यामध्ये तीन जागा असतील तर एक ठेवून दोन काढावयाच्या. यासाठी बहुधा नमुना-सूत्र वापरतात. त्यांना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ असे नाव आहे. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या सूत्रांचा पाया घातला आणि केन टॉम्पसन यांनी १९६८ साली मजकुरातील शोधासाठी ती कशी राबवावी हे दाखवले. उलटी तिरकी रेघ, तिच्यापुढे इंग्रजी लहान ‘एस’ आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह, एवढ्या तीन खुणांचा अर्थ ‘एक किंवा अधिक कोऱ्या जागा’ असा होतो. जेथे हा नमुना सापडेल तेथे एकच जागा ठेव, असे सांगितले की काम झाले. पायथॉन भाषेत याहून सरळ युक्ती आहे. मजकूर कोऱ्या जागांवर फोडावा आणि मिळालेले शब्द एकेका जागेने पुन्हा जोडावे. कडाही आपोआप साफ होतात. मात्र यात एक जपावे लागते. या दोन्ही युक्त्या नव्या ओळीलाही कोरी जागाच समजतात. कोणी आपला पत्ता चार ओळींत नीट लिहिला असेल तर त्याची एकच लांब ओळ होऊन बसते. पत्त्याच्या चौकटीत म्हणून प्रत्येक ओळ वेगळी घेऊन साफ करावी.

तिसरी रीत म्हणजे सर्व जागा काढून टाकणे. नावागावाला ती लावून चालणार नाही, हे उघड आहे. ‘घरभर’ म्हणजे सगळ्या घरात, आणि ‘घर भर’ म्हणजे घर भरण्याची आज्ञा. एका जागेने क्रियाविशेषणाचे क्रियापद होते. परंतु क्रमांकांच्या बाबतीत हीच रीत योग्य. आधारचा बारा आकडी क्रमांक कार्डावर चार-चारच्या तीन गटांत छापलेला असतो. बँकेच्या कार्डावरचा सोळा आकडी क्रमांक चार-चारच्या चार गटांत. डोळ्याला वाचावयास सोपे जावे म्हणून ही योजना. मनुष्य कार्ड पाहून तसेच टाइप करतो, आणि कित्येक संकेतस्थळे त्याला दरडावतात की, क्रमांक चुकीचा आहे, मध्ये जागा सोडू नये. वास्तविक त्या जागा काढून टाकणे हे आज्ञावलीतील एका ओळीचे काम आहे. ती एक ओळ प्रोग्रॅमरने लिहिली नाही, म्हणून त्याचा दंड हजारो माणसांनी भरावयाचा, हा न्याय नव्हे.

याच्या उलट प्रकारही होतो. ‘नाव भरणे आवश्यक’ अशी अट ब्राउझरात घातलेली असते. परंतु ब्राउझर फक्त चौकट अगदी रिकामी नाही एवढेच पाहतो. कोणी नुसती एक जागा टाकली तरी अट पूर्ण झाली असे तो मानतो, आणि नोंदवहीत बिननावाचा मनुष्य दाखल होतो. म्हणून आधी कडा छाटाव्या, मग काही उरले का ते पाहावे, हा क्रम महत्त्वाचा. आणि हे काम केवळ ब्राउझरात करून भागत नाही. ब्राउझर हे वापरणाराच्या हातातले साधन. त्याला वगळूनही मजकूर सर्व्हरपर्यंत पाठवता येतो. ब्राउझरातील सफाई सोयीसाठी, सर्व्हरवरील सफाई खात्रीसाठी. शिवाय नोंद करताना जो नियम लावला तोच शोधतानाही लावला पाहिजे. एकीकडे साफ आणि दुसरीकडे मळका मजकूर ठेवला, तर दोघांची गाठ कधीच पडणार नाही.

कोऱ्या जागांची जातकुळी

येथवर मी कोरी जागा एकच आहे असे धरून बोललो. खरे पाहता युनिकोडमध्ये कोरी जागा म्हणून गणलेली २५ चिन्हे आहेत. अरुंद जागा आहे, रुंद जागा आहे, चिनी-जपानी अक्षराइतकी लांबरुंद जागा आहे. त्यांतली सर्वांत उपद्व्यापी म्हणजे १६० क्रमांकाची ‘न तुटणारी’ जागा. ‘१०’ हा आकडा ओळीच्या शेवटी आणि ‘रुपये’ पुढच्या ओळीत असे होऊ नये, म्हणून ती दोघांना बांधून ठेवते. काम चांगले, पण डोळ्यांना ती ३२ क्रमांकाच्या बहिणीसारखीच हुबेहूब दिसते, आणि वेबच्या पानावरून मजकूर उचलला की न बोलावता बरोबर येते.

आता गंमत अशी की, एकाच नावाची कात्री प्रत्येक भाषेत सारखी कापत नाही. जावास्क्रिप्टच्या ‘ट्रिम’ला ही १६० क्रमांकाची जागा कळते. संकेतस्थळांच्या सर्व्हरवर पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेतील ‘ट्रिम’ला वर्षानुवर्षे साधी जागा, टॅब, नवी ओळ असली सहाच चिन्हे माहीत होती, १६० त्यात नव्हते. म्हणजे ब्राउझर ज्या मजकुराला स्वच्छ करून दाखवील, तोच सर्व्हरवर मळका राहील. युनिकोडच्या सर्व जागा ओळखणारी वेगळी कात्री पीएचपीत २०२४ साली आली.

मधल्या काळात काही जणांनी जी घरगुती तोड काढली तिने मराठीचे नुकसान केले. ते कसे, हे समजून घेण्याजोगे आहे. पीएचपीची जुनी कात्री अक्षरे पाहत नाही, बाइट पाहते. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणीत आपले प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते. न तुटणारी जागा दोन बाइटांची. त्यांची किंमत १९४ आणि १६०. प्रोग्रॅमरने कात्रीला सांगितले की, कडेला १९४ किंवा १६० दिसले की काप. इंग्रजी मजकुरावर हे छान चालले. परंतु आपल्या ‘ठ’ या अक्षराचे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १६०! म्हणजे मजकूर ‘पाठ’, ‘मठ’, ‘ओठ’ किंवा ‘साठ’ अशा शब्दाने संपत असेल, तर कात्रीने ठ-चा तिसरा बाइट कोरी जागा समजून कापला. उरलेल्या दोन बाइटांचे अक्षर होत नाही. पडद्यावर प्रश्नचिन्ह घातलेली काळी चौकट उमटते. ज्याला ही मख्खी ठाऊक नाही त्याने कितीही डोके खाजवले तरी केवळ ठ-वरच हा कोप का, हे त्याला उमगणार नाही.

मराठीची विशेष अडचण

याहून नाजूक गोष्ट पुढे आहे. युनिकोडमध्ये काही चिन्हे अशी आहेत की ती दिसत नाहीत, जागाही व्यापत नाहीत, पण शेजारच्या अक्षरांना कसे बसावे हे सांगतात. त्यांना शून्य रुंदीची चिन्हे म्हणतात. एक जोडणारे आहे, एक जोड मोडणारे आहे. वर सांगितलेल्या २५ जागांत त्यांची गणना नाही. परंतु ‘अदृश्य ते सर्व केर’ असे मानणारा प्रोग्रॅमर त्यांनाही झाडून टाकतो.

इंग्रजीत त्याने फारसे बिघडत नाही. मराठीत बिघडते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात र-चा रफार होऊन तो य-च्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यात तो आडवा होऊन य-च्या अंगाला चिकटतो. पहिला शब्द विद्वान गुरुजनांचा, दुसरा स्वयंपाक्यांचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हीही तशीच जोडी. हा आडवा र मराठीला अत्यंत आवश्यक आहे. त्याच्यावाचून ‘दुसऱ्या’, ‘पुढाऱ्या’, ‘कोऱ्या’ हे शब्द लिहिता येत नाहीत.

हा आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत साधा र, त्याला पायमोडके हलन्ताचे चिन्ह, मग ते अदृश्य जोडणारे चिन्ह आणि पुढे य. दुसऱ्या तऱ्हेत मुळातच वेगळा क्रमांक असलेला, खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य. छापून दोन्ही सारखेच दिसतात. आता पहिल्या तऱ्हेने लिहिलेल्या मजकुरातून जोडणारे अदृश्य चिन्ह कोणी केर समजून काढले, तर आडव्या र-चा तत्काळ रफार होतो. लग्नाच्या खर्चाच्या यादीत आचाऱ्यांना लिहिलेली रक्कम आचार्यांना जाते! यंत्राने एकही दिसणारे अक्षर काढलेले नाही, तरीही अर्थ बदलला. म्हणून मी म्हणतो की, न दिसणारी प्रत्येक वस्तू निरुपयोगी असते असे नाही.

यावर उपाय आहे. साफसफाई करण्यापूर्वी पहिल्या तऱ्हेचे सर्व र दुसऱ्या तऱ्हेत बदलून घ्यावे. मग अर्थ सुरक्षित राहतो. शिवाय दुसरा लाभ असा की, एकाने एका तऱ्हेने लिहिलेला आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलेला शब्दही सापडू लागतो. एरवी दिसावयास सारखे असूनही ते यंत्राला दोन निरनिराळे शब्द वाटतात. त्यानंतरही शून्य रुंदीची चिन्हे अक्षरांच्या मध्ये असतील तर त्यांना हात लावू नये. मोबाइलवर आपण आई, बाप आणि मूल असे एकत्र कुटुंबाचे जे चित्र पाठवतो, तेही तीन स्वतंत्र चित्रे या जोडणाऱ्या चिन्हाने सांधून केलेले असते. ते चिन्ह काढले की कुटुंबाची वाटणी होऊन तिघे वेगळे उभे राहतात.

चौतीस मिनिटांचा धडा

सफाई कोणती करावी याबरोबरच ती कशी करावी यालाही महत्त्व आहे. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांसाठी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ नावाचे एक संकेतस्थळ जगभर वापरले जाते. २० जुलै २०१६ रोजी ते ३४ मिनिटे बंद पडले. कारण काय, तर कडेच्या कोऱ्या जागा काढणारे एक नमुना-सूत्र. मी मघाशी सांगितलेले जोड मोडणारे अदृश्य चिन्हही कडेवरून काढण्याची त्यात तजवीज होती. सूत्र चुकीचे नव्हते. परंतु ते कसे चालते याचा विचार झाला नव्हता.

त्या दिवशी तेथे आलेल्या एका मजकुरात सुमारे २०,००० कोऱ्या जागा सलग होत्या आणि त्यांच्यानंतर एक अक्षर होते. सूत्राला शोधावयाच्या होत्या शेवटच्या कोऱ्या जागा. यंत्राने पहिल्या जागेपासून चालावयास आरंभ केला. २०,००० पावले चालून गेल्यावर कळले की, येथे शेवट नाही, अक्षर आहे. तेव्हा ते परत आले आणि दुसऱ्या जागेपासून निघाले. १९,९९९ पावलांनंतर तेच अक्षर भेटले. मग तिसऱ्या जागेपासून. अशा एकूण फेऱ्यांची बेरीज शाळेतल्या रीतीने करा. २०,००० गुणिले २०,००१ भागिले २, म्हणजे २० कोटी १० हजार पावले! आणि हा मजकूर त्या स्थळाच्या पहिल्याच पानावरील यादीत आलेला. जो कोणी पान उघडील त्याच्यासाठी ही पायपीट नव्याने. काम वाटून देणारी यंत्रणा सर्व्हर जिवंत आहेत की नाही हे त्याच पानावरून पाहत असे. तिला उत्तर मिळेना, तेव्हा तिने सर्व्हर गेले असे समजून त्यांना कामावरून काढले, आणि सबंध स्थळ बंद झाले.

दुरुस्ती मात्र अगदी साधी. सूत्र काढून टाकले आणि मजकुराच्या कडा तोडणारी साधी क्रिया त्याच्या जागी घातली. मी पहिल्या रीतीत सांगितलेच आहे की, शेवटच्या जागा शोधावयाच्या तर शेवटाकडून मागे चालत यावे. वरील मजकुरात असे केले असते तर पहिल्याच पावलाला अक्षर भेटून काम संपले असते. वीस कोटी पावले आणि एक पाऊल, असा हा फरक. यंत्र वेगवान आहे म्हणून कोठूनही चालावयास लागावे, हा विचार घातक ठरतो.

कोठे हात लावू नये

शेवटी एक पथ्य सांगितले पाहिजे. काही ठिकाणी कोरी जागा ही लिहिणाराची मालमत्ता असते. परवलीचा शब्द हे पहिले उदाहरण. एखाद्याने चार शब्दांचे वाक्यच परवलीसाठी निवडले असेल, तर मधल्या जागा त्या गुपिताचा भाग आहेत. त्यांत परस्पर फेरफार केला तर एके दिवशी त्याच्याच घराचे दार त्याला उघडणार नाही. कवितेचे दुसरे उदाहरण. ओळ कोठे मोडावी आणि किती आत सरकवावी हे कवीने ठरवलेले असते. तिसरे उदाहरण खुद्द आज्ञावलीचे. पायथॉन भाषेत ओळीच्या आरंभी किती जागा सोडली आहे यावरून ती ओळ कोणत्या पोटात मोडते हे ठरते. त्या जागा काढल्या तर आज्ञावली चालतच नाही.

तेव्हा ‘जादा’ जागा म्हणजे कोणती, याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. नावाच्या शेवटची जागा जादा, परवलीतली जादा नाही. आधार क्रमांकातली प्रत्येक जागा जादा, पत्त्यातील नवी ओळ जादा नाही. आचाऱ्यांच्या र-मागचे चिन्ह तर दिसतही नाही, तरी त्यावाचून अर्थ उरत नाही. हा निवाडा मजकुराचा अर्थ आणि लिहिणाराचा हेतू पाहून माणसानेच करावयाचा असतो. यंत्राला फक्त केलेला निवाडा पाळता येतो.

आणि मी आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. अंगठा चुकून लागणे हा मनुष्यस्वभाव आहे. तो गुन्हा नव्हे. पोस्टात पाकिटावर नावापुढे जरा जास्त जागा सुटली म्हणून पोस्टमनने पत्र परत पाठवले, असे आपण कधी ऐकले नाही. जे काम तो समजुतीने करतो, ते काम आता आपण यंत्राकडे सोपवले आहे. यंत्राला समजूत नाही. म्हणून ती समजूत आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच तिच्यात घालून ठेवली पाहिजे. जी व्यवस्था कोट्यवधी लोकांनी वापरावयाची, तिने लोकांना जागा मोजावयास लावू नये. तिने आपणच मोजाव्या. तुमच्यापैकी जी तरुण मंडळी या व्यवसायात आहेत किंवा जाणार आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आणि इतरांनी, पुढच्या वेळी पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे उमटले, तर आपल्या नावाविषयी शंका घेण्यापूर्वी शेवटच्या अक्षराच्या पलीकडे एकदा पाहावे.